एकाच पोराचे दोन आयक्यू, ७६ आणि ९०. धरायचा कुठला?

रिवाइंडिंगवाला (पलूस)

नमस्कार मंडळी. इथं वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदा. मोबाईलवर टाईप करतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पलूसला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. धाकटा मुलगा चौथीत, इंग्लिश मीडियमला. दुसरीपासनं शाळेतनं एकच ऐकतोय. वाचनात मागं आहे, सांगितलेलं अर्धंच करतो, हाक मारली तर खिडकीबाहेर बघतो. ऑगस्टमध्ये बोलावून घेतलं आणि म्हणाले, याची आयक्यू करून आणा. खरं सांगायचं तर मला वाटलं रक्ताची तपासणी असंल.

सांगलीत एका ठिकाणी नेला. नाव लिहीत नाही. याला गाडी लागते म्हणून एसटीत बसायच्या आधी चहासुद्धा पाजला नव्हता. नंबर लागला साडेअकराला. आत मॅडम, टेबलावर सामानाची पेटी, वर कुरकुरणारा पंखा, खाली रस्त्यावर हळदीच्या ट्रकांचे हॉर्न. मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं आणि मधे बोलायचं नाही म्हणून बजावलं. मॅडम मान खाली घालून लिहीत लिहीतच आकडे सांगत होत्या आणि यानं ते परत म्हणायचे. मला एवढं आठवतंय की हा दरवेळी टेबलावर पुढं सरकायचा आणि त्यांच्या तोंडाकडं वाकून बघायचा. त्या म्हणायच्या, 'सरळ बस.' एक प्रश्न माझ्या चांगला लक्षात आहे, तो असा: [चाचणीतील प्रश्नाचा मजकूर काढला आहे. असे प्रश्न कृपया इथे टाकू नयेत. – संपादक] त्याचं उत्तर मला पण पटकन आलं नसतं.

आठ दिवसांनी कागद मिळाला. बिने-कामत चाचणी, मानसिक वय ७ वर्षे ० महिने, बुद्धिगुणांक ७६, शेरा 'सीमारेषेवरील'. घरी वाचून दाखवला तर माझी आई म्हणाली, 'तुझ्या आज्याला सही येत नव्हती, दोन विहिरी पाडल्या त्यानं. त्याचा किती निघाला असता?'

जानेवारीत साडूच्या सांगण्यावरनं मिरजेला दुसरीकडं नेला. तिथं सर होते. एका दिवसात उरकलं नाही, निम्मं आज निम्मं उद्या असं घेतलं. मॅलिनची चाचणी. शाब्दिक ८१, कृती ९९, एकूण ९०. शेरा 'सरासरी'.

आता शाळा म्हणते पहिलाच खरा, दुसरा तुम्ही फिरून फिरून मनासारखा आणलाय. वर हेही ऐकवलं की दिव्यांग सर्टिफिकेट काढा, नाहीतर दाखला घेऊन मराठी शाळेत घाला.

मी दिवसभर मापंच घेतो. एकाच मोटरीला एक क्लॅम्प मीटर ७ अँपिअर दाखवायला लागला आणि दुसरा ९, तर त्यातला एक मी भंगारात टाकतो. इथं कुठला टाकू? का पोरगं पाच महिन्यांत १४ नं हुशार झालं?

लागंल म्हणून आणखी माहिती देतो. शाळेत जन्मतारीख १ जून लावलीय. खरा जन्म त्याच वर्षीच्या भाऊबीजेचा, नोव्हेंबरची १ तारीख. बायकोच्या माहेरी, जतच्या पुढं, घरीच झाला, नोंद उशिरा झाली आणि पहिलीला सहा पूर्ण लागतात म्हणून आजोबांनी जून सांगितला. आईशी कानडी बोलतो, माझ्याशी मराठी, शाळेत इंग्लिश. डोळे तपासलेत, चष्मा नाही. डावा कान लहानपणापासनं अधनंमधनं फुटतो, थेंब घातले की बरा होतो.

द्राक्षबाग (तासगाव)

९० धरा आणि ७६ चा कागद चुलीत घाला. आमच्या वेळी आयक्यू नव्हता, छडी होती. माझा कुणी काढला असता तर छाटणीच्या दिवसांत शून्य आणि बेदाणा विकताना दीडशे आला असता.

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

तासगावकर, हसले, पण कागद चुलीत घालायला सांगू नका. दोन्ही लागणार आहेत.

भाऊ, मीटर फेकण्याआधी तुमचंच शेवटचं वाक्य परत वाचा. डावा कान फुटतो. वर तुम्हीच लिहिलंय की आकडे सांगताना मॅडमची मान खाली होती आणि पोरगं तोंडाकडे वाकून बघत होतं. त्याच्याही वर, हाक मारली तर खिडकीबाहेर बघतो. ही तीन वाक्यं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलीत, मी एकाखाली एक ठेवून वाचली. त्याची ऑडिओमेट्री झालीय का? थेंबांचं विचारत नाही. कानाला हेडफोन लावून, कुठल्या आवाजाला किती ऐकू येतं याचा आलेख काढतात, ती तपासणी. झाली नसेल तर ती होईपर्यंत दोन्ही रिपोर्ट कपाटात ठेवा.

साताऱ्यात १९ वर्षं मी या चाचण्या घेते आणि सुरुवातीच्या काळात ही चूक मी स्वतः केलेली आहे. एक मुलगी होती, माणच्या बाजूची. गप्प बसायची. 'सहकार्य कमी' असं मी रिपोर्टवर लिहिलं. सहा महिन्यांनी तिची आई कानाचं मशीन लावलेल्या मुलीला घेऊन मुद्दाम भेटायला आली. रागवायला आली नव्हती, पेढे घेऊन आली होती. त्यामुळे जास्तच लागलं.

आकडे ऐकून परत म्हणायचा जो भाग असतो तो साधारण सेकंदाला एक आकडा, एका सुरात आणि मुलाला स्वच्छ ऐकू जाईल असा म्हणायचा असतो. आकडा एकदाच सांगतात, परत सांगायची मुभा नाही. ज्याला अर्धंच ऐकू आलं त्याची स्मरणशक्ती तिथे मोजलीच गेली नाही, त्याचा कान मोजला गेला. सप्रमाणता म्हणतात ती हीच: ज्या गोष्टीचं नाव चाचणीला दिलंय तीच गोष्ट मोजली जातेय का. आणि विश्वसनीयता म्हणजे परत मोजलं तर तेवढंच येतं का. पोराला खरंच कमी ऐकू येत असेल आणि त्याच पंख्याखाली, त्याच पद्धतीने दहा वेळा चाचणी घेतली, तर दहाही वेळा ७६ च्या आसपासच येईल. विश्वसनीयता एकदम झकास. आणि तरी तो त्याच्या बुद्धीचा आकडा नसेल.

आता वय. बिने-कामतमध्ये हिशोब सरळ भागाकाराचा असतो. मानसिक वय, म्हणजे साधारण किती वर्षांच्या मुलाएवढे प्रश्न त्याला सुटले ते, भागिले खरं वय, गुणिले शंभर. त्यांनी शाळेचा १ जून धरला असणार, म्हणजे ऑगस्टमध्ये ९ वर्षे २ महिने, एकूण ११० महिने. मानसिक वय ८४ महिने. ८४ भागिले ११०, आले ७६. भाऊबीजेपासून मोजा: ८ वर्षे ९ महिने, १०५ महिने. ८४ भागिले १०५ म्हणजे बरोबर ८०. आजोबांनी नातवाचे चार गुण पहिलीच्या प्रवेशाला खर्च केले! आपल्याकडे १ जूनला जन्मलेली निम्मी शाळा असते, म्हणून मी जन्मतारखेआधी 'सण कुठला होता' हे विचारते. मिरजेच्या सरांनी कुठली तारीख धरली तेही बघून घ्या. मॅलिनमध्ये भागाकार नसतो, पण वयाप्रमाणे तक्ते असतातच.

तुमच्या मीटरला ± असतो तसा आमच्यातही असतो, फक्त रिपोर्टवर लिहायची सवय फार थोड्यांना. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते, १५ धरू. चाचणीची विश्वसनीयता ०.९० (पूर्ण म्हणजे १) असली, आणि ही चांगली समजली जाते, तरी मापनाची प्रमाण त्रुटी ४.७ निघते. सोप्या भाषेत, त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे आलेल्या आकड्याच्या ९ खाली आणि ९ वर एवढा पट्टा धरून बोलायचं. ७६ म्हणजे ६७ ते ८५. ९० म्हणजे ८१ ते ९९. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. दोन चाचण्यांमधल्या फरकाला तर त्याहून मोठी सूट द्यावी लागते, जवळपास १३. तुमचा फरक १४. त्यातले चार वयाचे वजा करा. यात पोरगं पाच महिन्यांत हुशार झालेलं नाही आणि कुणी खोटंही लिहिलेलं नाही.

शिवाय दोन्ही चाचण्या वेगळ्या आणि दोन्ही जुन्या. बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली चाचणी केली ती शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे शोधायला. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये ती नव्याने बसवली, आणि धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात आपल्याकडच्या मुलांसाठी उतरवली. नंतरची सुधारित आवृत्तीसुद्धा १९६७ ची. ती बनली होती कानडी आणि मराठी मुलांसाठी, म्हणजे अगदी तुमच्या घरातल्या दोन भाषांसाठी. त्या दिवशी त्याला एक तरी प्रश्न कानडीतून विचारला गेला का? या चाचणीचा भार शब्दांवर फार आहे. ज्याचं बोलणं तीन भाषांत वाटलं गेलंय आणि ऐकणं एका कानावर चाललंय, तो तिथे मागे पडणारच. मॅलिन यांनी नागपूरला १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वेक्सलर यांच्या १९४९ च्या चाचणीवरून आपली चाचणी केली. तिच्यात ठोकळे, आकृत्या, हाताने करायच्या गोष्टी वेगळ्या मोजतात.

पण ९० मिळाले म्हणून फार हुरळू नका. जेम्स फ्लिन या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की कितीतरी देशांत पिढीगणिक गुण चढत गेलेत, अमेरिकेत दर दहा वर्षांना ३ च्या आसपास. म्हणून जुन्या मानकांवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांच्या गुणांवरून बनवलेल्या तक्त्यांवर, आजचं मूल मोजलं की आकडा थोडा फुगतो. पालक नेहमी मोठा आकडा उराशी धरतात आणि शाळा लहान. मला विचाराल तर तुमच्या रिपोर्टमध्ये ९० पेक्षा बोलका ८१ आणि ९९ मधला फरक आहे. त्यांची बेरीज करून दोनने भागलं की पोराच्या हातात काय आहे आणि अडतंय कुठे, दोन्ही झाकलं जातं.

शाळेला एवढं सांगा. बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना एकटा आकडा चालत नाही. आकडा साधारण ७० च्या खाली आणि त्याच्या जोडीला रोजच्या व्यवहारातही वयापेक्षा बराच मागे, असं दोन्ही लागतं. सुटे पैसे मोजून आणतो का, एकटा एसटीत बसेल का, आंघोळ, कपडे, शेजाऱ्यांशी बोलणं. ते मोजायला वेगळी श्रेणी असते. ७६ वर सर्टिफिकेट मागायला लावणं म्हणजे थंडीताप आला म्हणून पाय प्लॅस्टरमध्ये घालणं. आणि दाखल्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. भांडू नका, कलम १६ ची प्रत नेऊन नुसती टेबलावर ठेवा.

शिष्यवृत्तीवाले गुरुजी (कोरेगाव)

ताईंनी शास्त्र सांगितलं, मी फळ्यापुढचं सांगतो. गावाकडं बुद्धिमत्ता म्हटलं की माणसाला शिष्यवृत्तीचा पेपर आठवतो. पन्नास प्रश्न, शंभर गुण. सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, गटात न बसणारं पद. साताऱ्याच्या सैनिक स्कूलला सहावीच्या प्रवेशालाही बुद्धिमत्तेचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, १९६१ चं, त्यामुळं आमच्या भागातल्या निम्म्या बापांचा जीव त्या २५ प्रश्नांत अडकलेला. नाव बुद्धिमत्तेचं आहे, पण ही स्पर्धेची परीक्षा. तिथं मूल दुसऱ्या मुलाच्या पुढं आहे का एवढंच बघायचं असतं.

माझ्या वर्गात एक पोर जूनमध्ये पन्नासात १४ पाडायचं. जादा तासाला रोज पाऊण तास बसवलं. फेब्रुवारीत ४३. बाप हार घेऊन आला, 'गुरुजी, पोराची बुद्धी वाढवलीत.' मी हार घेतला, खोटं कशाला बोलू. पण बुद्धी वाढली नव्हती, आकृत्यांची ओळख वाढली होती. त्याच पोराला मी एकदा नव्या प्रकारची आकृती घालून बघितली, तर पुन्हा जूनमधल्यासारखं पेन चावत बसलं.

पलूसकर, एक सांगून ठेवतो. तुम्हाला कुणीतरी नक्की सांगणार की त्या आयक्यूच्या प्रश्नांची झेरॉक्स मिळते, चार दिवस सराव करून घ्या. करू नका. पेपर फुटल्यावर पहिला नंबर आल्यासारखं ते. संपादकांनी तुमचा प्रश्न काढला ते बरं केलं.

ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची पोरं कोपीवरनं आमच्या शाळेत येतात. चार महिने असतात, मग जातात. आकृत्यांत चालतात, शब्दांच्या प्रश्नांत लोळण घेतात. त्यांची नुसती आकृत्यांची चाचणी घेतली तर न्याय होईल का?

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

गुरुजी, थोडा होईल, पुरता नाही. रेव्हन यांच्या १९३८ च्या चाचणीत अशा ६० आकृत्याच आहेत, शब्द जवळजवळ नाहीत. भाषेचा अडसर जातो. पण कागदावरची चौकट डावीकडून उजवीकडे बघायची, रिकाम्या जागी काय बसेल ते खालच्या तुकड्यांतून निवडायचं, ही सवयसुद्धा शाळाच लावते. तुमचं ४३ वालं पोर आणि कोपीवरचं पोर शेजारी बसवलं तर कोण पुढे जाणार ते तुम्हीच वर सांगितलंत.

आणि मार्कांशी तुलना करायची तर बुद्धिगुणांक आणि शाळेतले गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) ढोबळमानाने ०.५ च्या घरात मिळतो. शाळेच्या बाबतीत हे बऱ्यापैकी मजबूत नातं आहे, मी हलकं लेखत नाही. पण त्याचा वर्ग केला, ०.५ गुणिले ०.५, की ०.२५. मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यातला चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से झोप, घर, शिक्षक, आवड, आणि आमच्या पलूसच्या पाहुण्यांच्या बाबतीत बहुधा कान.

कृष्णाकाठची आई (वाई)

तुमचे निदान खरे कागद तरी आहेत. माझी कहाणी ऐका. लेकीच्या शाळेत शिबिर होतं. कोट घातलेले दोन मुलगे, एक लॅपटॉप. दहा बोटांचे ठसे घेतले, आधारला घेतात तसे, आणि म्हणाले यावरून मुलांची जन्मजात बुद्धी, करिअर, सगळं कळतं. साडेचार हजार. वर्गातल्या सगळ्या आया भरतायत म्हटल्यावर मी पण भरले. चाळीस पानी रंगीत पुस्तक आलं. त्यात लेकीची संगीताची बुद्धी सगळ्यात जास्त. आता आमच्याकडे तिचा आवाज असा आहे की आरतीला सासूबाई तिला टाळ देतात, गाऊ नको म्हणतात.

नंतर वाचलं की २०१९ मध्ये इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेच सांगितलंय, या बोटांच्या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. गंमत म्हणजे ताई म्हणतात ती विश्वसनीयता तिच्यात नक्की असेल. ठसे काय, उद्या घेतले तरी तेच येणार!

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

वाईच्या ताई, हे उदाहरण मी प्रशिक्षणात वापरणार आहे. टाळासकट.

रिवाइंडिंगवाला (पलूस)

मंडळी, उशीर झाला. मार्च-एप्रिलमध्ये बोअरच्या मोटरी जळून येतात, श्वास घ्यायला वेळ नसतो.

ऑडिओमेट्री झाली. डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे, ४८ डेसिबलच्या खालचा आवाज त्याला ऐकू येत नाही. उजवा ३०, म्हणजे तो पण पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, कान आधी कोरडा ठेवा, पोहायला विहिरीवर बंद, मग पडद्याच्या ऑपरेशनचं बघू. मी विचारलं हे कधीपासनं असंल, तर म्हणाले सांगता येत नाही, पण थेंबांच्या बाटल्या किती झाल्या ते मोजा.

ताई, तुमचा विश्वसनीयतेचा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि मग माझ्याच दुकानात मला कळला. मेगर म्हणून एक यंत्र असतं, वाइंडिंगचं इन्शुलेशन तपासायचं. २०१९ च्या महापुरात मोटरी आठ-आठ दिवस पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर माझ्या दारात रांग. मेगर लावला की सगळ्या गेलेल्या. एका पाहुण्यानं माझं ऐकून चांगली मोटर भंगारात घातली. मग आमचे उस्ताद आले, त्यांनी उरलेल्या मोटरी खोलल्या, आत बल्ब लावून दोन दिवस वाळवल्या, परत मेगर लावला. निम्म्या उठल्या. काही खरंच गेलेल्या होत्या, त्या वाळवून पण उठल्या नाहीत. मेगर दोन्ही वेळा बरोबरच सांगत होता. मी ओल्या मोटरीचं माप घेऊन मोटर गेली म्हणत होतो.

तर मीटर कुठला टाकू हा माझा प्रश्न मागं घेतो. आता विचारायचं ते असं की वाळवायला किती दिवस लागतील, आणि त्याच्यानंतर तिसऱ्यांदा चाचणी करू का. बायको म्हणते आता कुठं नेऊ नका, पोरगं पेटी बघितली की पोटात दुखतंय म्हणतंय. जन्मतारखेचं शाळेत बोललो, ते म्हणाले कोर्टाचा कागद आणा. ते राहू दे सध्या.

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

बायकोचं ऐका. इतक्यात तिसरी नको. तीच चाचणी लवकर परत घेतली तर सरावाने आकडा चढतो, कृतीच्या भागात जास्तच, आणि मग शाळा म्हणते तसं खरंच 'मनासारखा' आकडा येईल. कानाचं काम होऊ द्या, त्यानंतर वर्षभर जाऊ द्या. तेव्हा कुठला निर्णय घ्यायचाय हे आधी ठरवा आणि मगच चाचणी. निर्णय नसेल तर आकडा कशाला?

वाचनाची तपासणी मात्र लांबवू नका. ती वेगळी असते. मराठीत अक्षरं कुठे अडतात, जोडाक्षरात की काना-मात्रेत, आणि इंग्लिशमध्ये कुठे, हे शेजारी शेजारी बघायचं. कान बरा झाला म्हणजे वाचन आपोआप येईल असं मी म्हणणार नाही. तुमच्या काही मोटरी वाळवूनही उठल्या नाहीत, ते तुम्हीच लिहिलंय. कान आणि वाचन, दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात. तपासणाऱ्याला घरी कानडी बोलतात हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि बोलताना पोराच्या समोर, उजव्या बाजूला बसायला सांगा.

वर्गात पहिला बाक मागा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, सर्टिफिकेट लागत नाही.

रिवाइंडिंगवाला (पलूस)

चिठ्ठी दिली. कलम १६ ची प्रत पण टेबलावर ठेवली, काही बोललो नाही. दाखल्याचा विषय त्यांनी परत काढला नाही.

पहिला बाक दिलाय. काल बघून आलो. पार उजव्या भिंतीला टेकून दिलाय, म्हणजे उजवा कान भिंतीकडं आणि डावा बाईंकडं. सोमवारी परत जातोय.